एज ऑफ एम्पायर्स २ : नवे खेळाडू येतात, मग टिकत का नाहीत? (ठाणे-नवी मुंबई)

खाडीपलीकडचा

शनिवारी रात्री आपली आठ जणांची लॉबी (ऑनलाइन डावासाठी जमायची खोली) अजून भरते, पण नावं तीच असतात. कोणाची पुण्याला बदली झाली किंवा कोणाच्या घरी बाळ आलं, की दोन जागा रिकाम्या राहतात आणि त्या भरायला माणूस मिळत नाही. गाव उभारून सैन्य लढवायचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ आपल्याच वयाच्या लोकांपुरता राहून संपावा असं मला वाटत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. वेळ काढून लिहा.

खेळ जुना झाला हे कारण मला पटत नाही. मूळ खेळ एज ऑफ किंग्ज १९९९ चा, त्याची पुरवणी काँकरर्स २००० ची. ज्यांनी तो बनवला ती एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद पडली. तरी २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आली, नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली आणि २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीत जुन्या 'इंडियन्स' या संस्कृतीचे हिंदुस्तानी झाले, शिवाय गुर्जर, द्रविड आणि बंगाली नव्याने आले. रँक्ड (रेटिंगनुसार जोड्या लावणारा डाव) लावलं की रात्री बारा वाजताही कुठल्या तरी देशातला प्रतिस्पर्धी मिळतो. जगात खेळाडू भरपूर आहेत. आपल्या शेजारपाजारी कमी आहेत.

आणि आपल्याकडे कोणी येतच नाही असंही नाही. ऑफिसातला एखादा येतो, कोणाचा भाचा येतो, लहानपणी सायबर कॅफेत खेळलेला शाळेतला मित्र येतो. एक-दोन शनिवार खेळतो आणि मग दिसत नाही. विचारलं तर वेळ मिळत नाही म्हणतो. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. आपण त्याला लॉबीत बोलावतो आणि गेम सुरू झाला की एकटा सोडतो.

नवख्याचा पहिला टीम गेम कसा जातो बघा. तो मेंढ्या खातो, घरं बांधतो, मन लावून गाव सजवतो. फ्यूडलला, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात, पोचतो न पोचतो तोच समोरच्याचे स्काउट (हलके घोडेस्वार) त्याच्या लाकूडतोड्यांत शिरतात. त्याच्याकडे भालाईत नसतो, बरॅक्स नसते, आणि घोड्यांवर भालाईत काढायचे असतात हेही त्याला माहीत नसतं. पुढचा अर्धा तास तो बाकीच्या सात जणांची लढाई बघत बसतो. शेवटी सगळे 'जीजी' (गुड गेम) लिहितात, नवी लॉबी लागते. का हरला हे त्याला कोणीच सांगत नाही.

सांगायला अर्धं मिनिट पुरतं! बहुतेक वेळा कारण एकच असतं, टीसी (टाउन सेंटर, जिथून गावकरी निघतात) रिकामा उभा होता. एक गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत निघतो. टीसीने न थांबता गावकरीच काढले तर दहा मिनिटांत २४ नवे होतात. नवखा मध्येच घर बांधायचं विसरतो, लोकसंख्या अडते आणि टीसी गप्प बसतो. समोरच्याचे हात फार वेगात चालतात असं त्याला वाटत राहतं आणि इथे आपलं काम नाही असं ठरवून तो निघून जातो. इतक्या छोट्या गोष्टीवरून माणूस गमावणं मला फार लागतं.

माझं म्हणणं असं. प्रत्येक जुन्या खेळाडूने एक नवखा आपल्याकडे घ्यावा. पहिला महिना तो आपल्याच बाजूने खेळेल, समोर नाही. आणि सुरुवातीचे गेम त्याने आपल्याबरोबर एकाच रंगात खेळावेत. ही सोय एज ऑफ किंग्जपासून आहे, तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती वापरलेली नाही. लॉबीत दोघांनी नावापुढचा रंगाचा आकडा सारखा ठेवायचा, की दोघांना मिळून एकच राज्य मिळतं. गावकरी तेच, सोनं तेच, दोघांच्या माऊसच्या आज्ञा चालतात. तुम्ही सैन्य सांभाळा, त्याला शेती आणि टीसी द्या. दुसऱ्या गेमला अदलाबदल करा. रँक्डमध्ये हे जमत नाही, आपल्या लॉबीत जमतं.

---

नौपाडा९९

कळकळ समजते, पण मी थोडा विरोधात आहे. आपण कॅफेत शिकलो तेव्हा कोणी बोट धरून शिकवलं होतं? तासाचे पैसे मोजायचो, हरायचो, परत जायचो. हरण्यातूनच खेळ कळला. फार सांभाळलं तर माणूस कायम दुसऱ्याच्या भरवशावर खेळतो. ज्याला खरंच आवड आहे तो टिकतोच.

---

खाडीपलीकडचा

@नौपाडा९९, कॅफेत बोट धरणारं कोणी नव्हतं हे खरं, पण शेजारची खुर्ची होती. आपण हरलो की मान वळवून बाजूच्याची स्क्रीन बघायचो. त्याने रानडुक्कर टीसीखाली कसं आणलं, दरवाजा कुठे लावला, हे दिसायचं. न विचारताही दिसायचं. ज्याने हरवलं तो समोरच बसलेला असायचा आणि तासाभराने त्याच्याबरोबरच गोखले रोडवर वडापाव खायला जायचो. वाटेत तो सगळं सांगायचा, 'अरे तू दगड कशाला खणत बसलास सुरुवातीला'. शिकवणी तिथेच व्हायची, आपण तिला शिकवणी म्हणत नव्हतो इतकंच.

आता नवखा घोडबंदर रोडला आपल्या खोलीत एकटा हेडफोन लावून बसतो. हरल्यावर मान वळवायला बाजूला कोणी नाही. एका रंगात खेळणं हा त्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार आहे, म्हणून मी त्याचा इतका आग्रह धरतोय. आणि आवड असलेला टिकतोच म्हणशील, तर कॅफेत आपल्याबरोबर किती जण होते आणि त्यातले आज किती उरले?

---

ऐरोली_रात्रपाळी

रेटिंगबद्दल लिहितो, कारण नवे लोक सगळ्यात जास्त तिथे पडतात.

रँक्डमध्ये प्रत्येकाचा ईलो (रेटिंगचा आकडा) १००० पासून सुरू होतो. अगदी नवखा माणूस १००० चा नसतो. १००० चा खेळाडू म्हणजे ज्याला गावकऱ्यांचा क्रम पाठ आहे, जो गावकरी न मरू देता रानडुक्कर टीसीपर्यंत आणतो आणि फ्यूडलमध्ये हल्लाही करतो. त्यामुळे नवखा पहिले सगळे गेम हरणार, रेटिंग घसरत त्याच्या खऱ्या जागेवर जाणार, आणि मगच बरोबरीचे लोक मिळणार. गणित तसंच आहे, त्यात अपमान नाही. पण ते आधी सांगितलं नाही तर चौथ्या-पाचव्या पराभवाला माणूस गेम काढून टाकतो. सांगितलं तर तोच माणूस घसरणीकडे निवांत बघतो.

आणि कृपा करून दुसरं खातं काढून खालच्या रेटिंगला स्मर्फिंग करू नका. आपल्यातही हे चालतं. मजा म्हणून करणाऱ्याला कळत नाही की समोर एखाद्याचा पहिलाच आठवडा असतो.

रँक्डच्या आधी 'आर्ट ऑफ वॉर'चे धडे करून घ्या. डेफिनिटिव्हमध्ये ते आहेत, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी पदकं मिळतात. पहिला धडा सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा. त्यात सिल्व्हर आलं तरी खूप झालं. मग कॉम्प्युटरशी मॉडरेटवर, मग हार्डवर. एक्स्ट्रीमला हरवायची वाट बघू नका, ते जमण्याआधीच माणसांशी खेळायला लागा. कॉम्प्युटर चुकत नाही त्या जागी माणूस चुकतो आणि माणूस जे सुचवतो ते कॉम्प्युटरला कधी सुचत नाही.

---

कोलशेतचा_नवखा

मी यातलाच एक. दोन शनिवार खेळलो आणि येणं बंद केलं. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

हरल्याचं वाईट वाटलं नव्हतं. हरणार हे माहीत होतं. पण सगळे एकमेकांना ओळखत होते आणि चॅटमध्ये चाललेलं निम्मं कळत नव्हतं. एफसी काय, ड्रश काय, 'पॉकेट' कोण, 'फ्लँक' कोण. मी एकदा विचारलं की दगडाचं काय करायचं. कोणी उत्तर दिलं नाही. आता समजतं की सगळे लढाईत होते, तेव्हा टाइप कोण करणार. पण तेव्हा वाटलं की आपण मध्ये मध्ये करतोय.

आणि माझं गाव जळत असताना कोणीतरी ११ नंबर लावला. तो हसण्याचा आवाज. मला वाटलं मलाच हसले.

२५ सेकंदांचं गणित मला आज पहिल्यांदा कळलं.

---

नौपाडा९९

@कोलशेतचा_नवखा, ११ बहुतेक मीच लावला असेल, मी सारखा लावतो. जुन्या लोकांत तो सलामासारखा झालाय, तुझा संबंध नव्हता रे. पण तुला ते कळायचा काही मार्ग नव्हता, हेही मान्य. नवा कोणी लॉबीत असेल तेव्हा नाही लावणार.

टॉन्टचे (चॅटमध्ये आकडा टाकला की वाजणाऱ्या आवाजांचे) उपयोगाचे आकडे मात्र शिकून ठेव. ३ म्हणजे अन्न पाहिजे, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. टाइप न करता मदत मागता येते. १४ म्हणजे 'गेम सुरू करा एकदाचा', तो तुला रोज ऐकू येईल. ३० चा वोलोलो (खेळातल्या पुजाऱ्याचा मंत्र) तर सगळ्यांना माहीतच.

पॉकेट म्हणजे टीममध्ये आतल्या बाजूला सुरक्षित जागा मिळालेला, फ्लँक म्हणजे बाहेरच्या टोकाचा, ज्याच्यावर पहिला हल्ला येतो. नवख्याला पॉकेट द्यायला हवं आणि आपण बहुतेक वेळा कोणाला काय मिळेल ते नशिबावर सोडतो. हे बदलायला माझी हरकत नाही.

---

खारघरची

मुद्दा चांगला निघालाय. पण एक गोष्ट या धाग्यावर अजून कोणी बोललं नाही.

नव्या माणसाला माइक लावायची सक्ती करू नका. मी या खेळात बरीच वर्षं आहे आणि बाहेरच्या लॉब्यांमध्ये आजही माइक बंद ठेवते. बाईचा आवाज आला की खेळ बाजूला राहतो. 'ताई तुम्ही खरंच खेळता?' हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रश्न. आपल्या ग्रुपात असं होत नाही, पण नव्याने येणाऱ्या मुलीला ते कसं कळणार? ती आधी आठवडाभर फक्त ऐकेल. ऐकू दे तिला. एका रंगात खेळताना नकाशावर फ्लेअर (खुणेचा इशारा) टाकून दाखवता येतं, शब्द लागत नाहीत.

दुसरं म्हणजे वेळ. रात्री अकरा ही वेळ कोणाला सोयीची आहे? ज्याच्या घरी सकाळी सहाला डबे करायचे नाहीत त्याला. माझ्या सोसायटीत दोघी जणी खेळायला तयार आहेत. एक तर लहानपणी मोठ्या भावाबरोबर काँकरर्स खेळलेली आहे आणि मंगोल घेऊन त्याला रडवायची. दोघींनाही रात्र जमत नाही. रविवारी दुपारी तीनला एक लॉबी लावा. टीम गेम तासभर चालला तरी चारपर्यंत मोकळे. मी चालवते ती.

---

खाडीपलीकडचा

@खारघरची ताई, रविवारची दुपार पक्की. मी येतोच. माइकचंही तुम्ही म्हणता तसंच करू.

---

नेरूळ_सेक्टर

माझा मुलगा आठवीत आहे. त्याला लढाई करण्यापेक्षा सिनॅरिओ एडिटरमध्ये (स्वतःचा नकाशा बनवायची सोय) जास्त रस आहे. गेले काही दिवस तो डोंगरावर किल्ला, खाली वाट, वाटेवर चौक्या असं काहीतरी मांडतोय. त्याने पहिला प्रश्न विचारला, 'बाबा, यात मराठे का नाहीत?' मी त्याला सांगितलं की या खेळाच्या मोहिमा साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येतात, १५९८ ची नोर्यांगची लढाई त्यात आहे, आणि महाराजांचा जन्म १६३० चा. त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, मग मीच करतो.

सांगायचं कारण, प्रत्येक नवा माणूस रेटिंगसाठी येत नाही. कोणाला इतिहास आवडतो, तो राजेंद्र चोळाची मोहीम खेळेल, बाबराची खेळेल. कोणाला नकाशे बनवायला आवडतात. अशांना पहिल्याच दिवशी अरेबिया नकाशावर स्काउट रशपुढे (सुरुवातीलाच येणाऱ्या घोडेस्वारांच्या हल्ल्यापुढे) उभं केलं तर ते पळणारच. मुलाने बनवलेला नकाशा आपण सगळ्यांनी एकदा खेळलो तर त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होईल.

---

ऐरोली_रात्रपाळी

नक्की खेळू. नकाशात दोन्ही बाजूंना सोनं ठेवायला सांगा त्याला, ते राहिलं की भांडणं होतात.

---

घणसोली_वायरवाला

लॅपटॉपबद्दल रोज तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

या खेळात प्रत्येकाच्या मशीनवर तोच अख्खा डाव स्वतंत्र चालतो. इंटरनेटवरून फक्त आज्ञा जातात, की अमुक गावकरी अमुक झाडाकडे, अमुक धनुर्धारी अमुक जागी. सगळ्या मशीन ताल धरून एकत्र पुढे सरकतात. मालिकेतला पहिला खेळ २८.८ किलोबिटच्या मोडेमवर आठ जणांना खेळता यावा म्हणून ही पद्धत काढली आणि पुढेही तीच राहिली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नेट फार वेगवान लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही गेम चालतो, फक्त नेट मध्येच तुटता कामा नये. पावसात लाईट गेली तर राउटर बंद पडतो आणि तुम्ही बाहेर, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावला तर उत्तम. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकाचं मशीन हळू असेल तर सगळ्या आठ जणांचा गेम हळू होतो. रँक्डला आधी मशीनचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्क चाचणीत १००० गुण मागतात ते यासाठीच.

म्हणून नवख्याचा गेम अडखळला तर त्याला लॉबीतून काढून टाकू नका. आधी बघा की त्याने जड ग्राफिक्सचा वेगळा पॅक उतरवला आहे का. तो पॅक ऐच्छिक असतो, काढून टाकला तरी खेळात काही कमी होत नाही. लोकसंख्या २०० ऐवजी १०० ठेवा, आठऐवजी चार जण खेळा. साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही गेम सुरळीत चालताना मी बघितलाय. सेटिंगमध्ये मदत हवी असेल त्याने इथेच विचारा, मी बसून करून देईन.

विकत घ्यायच्या आधी बघायचं असेल तर पीसी गेम पासवर (मायक्रोसॉफ्टची वर्गणीची सेवा) आहे. एक्सबॉक्सवरही २०२३ पासून आहे.

---

नौपाडा९९

वरचं सगळं वाचून माझं मत थोडं बदललंय, सगळं नाही.

लॉबीत हॅन्डिकॅपची सोय आहे, नवख्याचा वेग वाढवून देता येतो. ती मला नको. त्याने जिंकलेला गेम त्याचा राहत नाही आणि हे त्याला स्वतःलाही कळतं. ऑटो स्काउट (स्काउट आपोआप नकाशा शोधतो) चालेल. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात तेही चालेल. १९९९ मध्ये ती मदत नव्हती म्हणून आजच्या माणसाने बोटं मोडून घ्यावीत असं मी म्हणणार नाही.

मला जे जमतं ते मी घेतो. प्रत्येक गेमचं रेकॉर्डिंग आपोआप जतन होतं. ज्याला आपला पराभव समजून घ्यायचा आहे त्याने फाइल पाठवावी. मी त्याच्याबरोबर बसून पहिली पंधरा मिनिटं बघेन, पुढचं बघायची गरज नसते. दर वेळी एकच गोष्ट सांगेन. दहा चुका सांगितल्या की माणूस दहाही विसरतो. टीसी कुठे थांबला एवढं पहिल्यांदा. ते सुधारलं की पुढच्या वेळी घरं. मग लाकूड. मंगोनेलपासून (दगडफेक्या यंत्रापासून) धनुर्धारी कसे पळवायचे हे कितीतरी नंतर.

@कोलशेतचा_नवखा, तुझे त्या दोन शनिवारचे गेम असतील तर पाठव.

---

कोलशेतचा_नवखा

आहेत. फोल्डर सापडलं. दुसऱ्या शनिवारचा पाठवतो, त्यात मी निदान फ्यूडलला पोचलो होतो.

एका रंगात खेळायचं असेल तर आधी माझ्या मशीनवर काही चालू करावं लागतं का?

---

खाडीपलीकडचा

काही नाही. लॉबीत ये, आपल्या नावापुढचा आकडा ३ कर, मीही ३ करतो. द्रविड नको, त्यांचं पाण्यावरचं वजन जास्त आणि आपण जमिनीवर खेळणार. फ्रँक्स घेऊ, घोडे मजबूत आणि शेती सोपी. टीसी तुझा. 'एच' दाबलं की टीसी, पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी, ही दोन बटणं तेवढी लक्षात ठेव. घरं लोकसंख्या अडायच्या आधी बांधायची, एका घराला २५ लाकूड आणि पाच माणसांची जागा. मी फ्लेअर टाकत राहीन.

रविवार दुपारी तीन, लॉबी खारघरच्या ताई लावतील. शनिवारची रात्र नेहमीसारखी आहेच. कोण कोणत्या नवख्याला घेणार ते खाली लिहा. नेरूळच्या मुलाचा नकाशा तयार झाला की तो पहिला.

---

ऐरोली_रात्रपाळी

ऑफिसमधली दोन मुलं माझ्याकडे. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारी खेळू.

---

खारघरची

माझ्याकडे दोघी. मंगोल एकीने आधीच मागून ठेवलेत.